पडद्यावरची पवनचक्की

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीना नदीच्या पुलाजवळ, नागापूर हे गाव आहे. एके काळी येथे ज्वारी-बाजरीची शेते होती. आज गावाला लागूनच मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु आमच्यासारख्या जुन्या माणसांच्या तोंडी बोलण्याच्या ओघात अजून 'नगर' हेच येते. निवृत्त झाल्यापासून माझे बिऱ्हाड या नागापुरातच आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा बारा वर्षांचा नातू सुटीत माझ्याकडे आला होता. दुपारी उन्हामुळे बाहेर पडता येत नसे, तेव्हा तो संगणकापुढे बसे. एके दिवशी त्याने मला हाक मारली. "आजोबा, हे बघा माझे घर!" मी चष्मा लावून पाहिले. पडद्यावर एक टुमदार बंगली होती. पुढे बाग, मागे टेकडी आणि गच्चीवर तीन पात्यांची एक पांढरीशुभ्र पवनचक्की. ती संथपणे गरगर फिरत होती आणि खाली सर्व खोल्यांतून दिवे लखलखत होते.

मी विचारले, "अरे, पण बागेतील झाडाचे एकही पान हलत नाही. मग चक्की फिरते कशी?"

तो हसला. "मी तिला फिरायला सांगितले आहे, म्हणून ती फिरते."

मुलांनो, त्याचे उत्तर अगदी खरे होते. संगणकातील अशा जगाला 'आभासी जग' म्हणतात. तेथील घर, झाड, डोंगर ही सारी अंकांची बनलेली असतात. चक्की फिरावी असे वाटले, तर "दर क्षणाला इतके अंश वळ" एवढी आज्ञा लिहिली की काम झाले. चक्की वळली, असे चित्र दिसते. दिवा लागला, असे चित्र दिसते. चक्कीचा दिव्याशी काही संबंध असावाच, असे नाही.

परंतु आभासी जगात वारा मुळीच नसतो, असेही समजू नका. अमेरिकेतील 'लिंडेन लॅब' या संस्थेने २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' नावाचे मोठ्या माणसांसाठीचे एक आभासी जग सुरू केले. त्यातील जमीन २५६ मीटर लांब व तितक्याच रुंद अशा तुकड्यांची केलेली आहे आणि त्या तुकड्यांवर वाराही वाहतो. तो वारा म्हणजे अर्थातच अंकच, पण तेथे एखादी वस्तू तयार करणाऱ्याला "या जागी आता वारा किती व कोणत्या दिशेने आहे?" असा प्रश्न विचारण्याची आज्ञा लिहिता येते. तेव्हा तेथे पवनचक्की उभारणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात. नुसती फिरणारी चक्की करावी, किंवा वाऱ्याला विचारून फिरणारी करावी. पहिली करावयास पाच मिनिटे पुरतात. दुसरी करावयाची, तर खरी पवनचक्की कशी चालते हे आधी समजून घ्यावे लागते.

मी नातवाला तसे सांगितले. त्याला ते पटले; पण त्याच्या मनात आणखीही एक बेत होता, तो मग बाहेर पडला. नागापुरातील आमच्या गच्चीवरही अशीच एक चक्की बसवावी, वीज गेली तरी दिवे चालू राहतील, आणि वडिलांनी तिच्यासाठी पैसे द्यावेत, असे त्याला वाटत होते. आता हा प्रश्न पडद्यावरचा राहिला नाही. गाठीचे पैसे जावयाचे, तर हिशोब पक्का हवा. म्हणून आम्ही दोघांनी ठरविले, की पडद्यावरच्या चक्कीला आधी खऱ्या चक्कीचे नियम शिकवावयाचे आणि तिने काय उत्तर दिले ते पाहून मग वडिलांपुढे जावयाचे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. आपण 'पवनचक्की' म्हणतो. पण हे यंत्र दळत तर काहीच नाही. मग ती चक्की कशी? याचे कारण असे, की इराणात आणि पुढे हॉलंडमध्ये वाऱ्यावर फिरणारी यंत्रे खरोखरच धान्य दळीत असत. काम बदलले, नाव मात्र राहून गेले. छत्रपती संभाजीनगर येथील प्रसिद्ध पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तेथे दळण्याचे काम वाहत्या पाण्याकडून करून घेत. वाऱ्याचे बळ आपल्या शेतकऱ्यांनाही नवे नाही. खळ्यावर उंच घोडीवर उभे राहून सुपातून धान्य सोडले, की दाणा खाली पडतो आणि भूस दूर जाते. वारा पडला, की उफणणी थांबते आणि मंडळी झाडाखाली बसून वाऱ्याची वाट पाहतात. वारा आपल्या सोयीने येत नाही, हे त्या मंडळींना कोणत्याही पुस्तकावाचून कळलेले असते.

वाऱ्यावर घरातला दिवा लावण्याची कल्पना मात्र सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांचीच आहे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ नावाचे एक प्राध्यापक होते. जुलै १८८७ मध्ये त्यांनी मेरीकर्क या आपल्या गावी, सुटीतील घराच्या बागेत, सुमारे दहा मीटर उंचीची एक पवनचक्की उभारली. तिला कापडाची शिडे होती. तिच्यापासून निघालेली वीज ते बॅटऱ्यांत साठवीत आणि रात्री त्या विजेवर घरातील दिवे लावीत. वाऱ्यापासून मिळालेल्या विजेवर उजळलेले ते जगातील पहिले घर मानले जाते. वीज उरू लागली, तेव्हा गावातील मुख्य रस्त्यावरही दिवे लावून देण्याची तयारी ब्लाइथ यांनी दाखविली. पण गावकऱ्यांनी ती नाकारली. हे दिवे म्हणजे सैतानाची करणी, असे त्यांना वाटले! आपल्याला आज हसू येते. परंतु वातीवाचून आणि तेलावाचून जळणारा दिवा ज्याने आयुष्यात प्रथमच पाहिला, त्याची भीती अगदीच वेडगळ होती, असे म्हणवत नाही.

त्याच सुमारास, १८८७-८८ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात चार्ल्स ब्रश या संशोधकाने आपल्या वाड्यामागे एक प्रचंड चक्की उभारली. तिच्या चाकाचा व्यास सुमारे १७ मीटर होता आणि त्याला देवदाराची १४४ पाती होती. तळघरातील बॅटऱ्या ती भरत असे. सुमारे वीस वर्षे तिने काम केले. एवढ्या मोठ्या चक्कीपासून वीज मात्र जास्तीत जास्त १२ किलोवॅट मिळे. पाती जितकी अधिक तितकी वीज अधिक, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. डेन्मार्कमधील पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ पासून अस्कोव्ह येथे प्रयोग करून दाखविले, की वीज करण्यासाठी थोडी आणि वेगाने फिरणारी पातीच अधिक उपयोगी पडतात. विहिरीचे पाणी ओढणाऱ्या चक्कीला जोर हवा असतो, म्हणून तिला पुष्कळ पाती असतात. विजेच्या चक्कीला वेग हवा असतो, म्हणून तिला बहुधा तीन पुरतात.

आता यंत्राची रचना पाहू. तुम्ही सायकलीचा डायनामो पाहिला आहे का? चाकाला घासून त्याची बोंडी फिरते आणि पुढचा दिवा लागतो. आत लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चुंबक आणि वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरू लागले, की तारेत वीज वाहू लागते. हा शोध १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लावला. पवनचक्कीच्या माथ्यावरही असाच एक डायनामो असतो. त्याला जनित्र म्हणतात. सायकलीवर पाय जे काम करतात, ते येथे वारा करतो. पाती सपाट नसतात; पक्ष्याच्या पंखासारखी एका बाजूस फुगीर व किंचित पिळलेली असतात, म्हणून वारा त्यांना नुसता ढकलीत नाही, तर विमानाच्या पंखाला उचलावे तसा बाजूला ओढतो. लहान चक्कीला मागे एक शेपूट असते. त्यामुळे वारा जिकडून येईल तिकडे चक्कीचे तोंड आपोआप वळते. जनित्रातून निघालेली वीज खाली बॅटरीत जाते. बॅटरी फाजील भरू नये म्हणून मध्ये एक नियंत्रक असतो, आणि बॅटरीतील वीज घरातील पंख्यांना व दिव्यांना चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर असतो. हा इन्व्हर्टर तर आपल्याकडे पुष्कळ घरांतून आहेच.

एवढे समजल्यावर नातवाने लगेच विचारले, "मग आपल्या चक्कीपासून वीज किती मिळेल?"

हा खरा प्रश्न. मुलांनो, कागद-पेन्सिल घ्या, कारण याचे उत्तर गुणाकाराने काढावयाचे आहे.

समजा, आपल्या चक्कीच्या पात्यांचा व्यास २ मीटर आहे. पाती फिरताना जे वर्तुळ होते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस मीटर भरते. वारा दर सेकंदाला ३ मीटर या वेगाने येत असेल, तर एका सेकंदात ३.१४ × ३, म्हणजे सुमारे ९.४ घनमीटर हवा या वर्तुळातून जाते. हवेला वजन नाही, असे कोणी समजू नये. नगरसारख्या, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास उंच असलेल्या ठिकाणी एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ किलोग्रॅम असते. म्हणजे दर सेकंदाला दहा किलोहून अधिक हवा आपल्या चक्कीवर येऊन आदळते! प्रत्येक किलोग्रॅम हवेत वेगामुळे असलेली ऊर्जा म्हणजे वेगाच्या वर्गाची निमपट. येथे नऊची निमपट, म्हणजे साडेचार. दोहोंचा गुणाकार करा. सुमारे ४७ वॅट येतील.

परंतु ही सगळी शक्ती आपल्याला मिळत नाही. का मिळत नाही, हे नीट समजून घ्या. चक्कीने वाऱ्याची सर्व ऊर्जा काढून घेतली, तर चक्कीमागे हवा जागच्या जागी थांबून राहील. ती थांबली, की मागून येणाऱ्या हवेला वाट कोठून मिळणार? म्हणून थोडा वेग हवेजवळ राहू द्यावाच लागतो. जर्मनीतील आल्बर्ट बेट्झ या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले, की कोणत्याही चक्कीला वाऱ्याच्या शक्तीपैकी १६/२७ हून, म्हणजे शंभरातील सुमारे ५९ भागांहून अधिक घेता येणार नाही. ही झाली निसर्गाची मर्यादा. त्यात यंत्रातील घर्षण, जनित्रातील तूट, बॅटरीतील तूट ही वजा केली, की घरगुती चक्कीला शंभरात तीस मिळाले तरी पुष्कळ झाले. म्हणजे ४७ वॅटांचे उरले सुमारे १४ वॅट. जेमतेम एक मोठा एलईडी दिवा.

नातवाचे तोंड उतरले. मी म्हटले, "थांब. आता वारा दुप्पट कर."

वारा सेकंदाला ६ मीटर झाला, तर काय होईल? दर सेकंदाला येणारी हवा दुप्पट होईल, हे उघड आहे. पण त्याखेरीज त्या हवेच्या प्रत्येक किलोग्रॅमजवळची ऊर्जाही चौपट होईल, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तीन त्रिक नऊ आणि साही साही छत्तीस. दुप्पट हवा आणि प्रत्येक किलोजवळ चौपट ऊर्जा, म्हणजे शक्ती आठपट झाली. चौदाचे झाले ११२ वॅट. वारा आणखी दुप्पट, म्हणजे सेकंदाला १२ मीटर झाला, तर पुन्हा आठपट, सुमारे ९०० वॅट. पवनचक्कीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, आणि हिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुष्कळ लोक फसतात. विकणारा जो आकडा सांगतो, तो बहुधा या सोसाट्याच्या वाऱ्याचा असतो. आणि घेणाऱ्याच्या गच्चीवर मात्र झुळूक वाहत असते.

याच नियमातून आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघते. एका दिवशी चोवीस तास सेकंदाला ४ मीटर असा एकसारखा वारा वाहिला, असे समजा. वर दाखविल्याप्रमाणे हिशोब केला, तर आपल्या चक्कीपासून सुमारे ३३ वॅट मिळतात. चोवीस तासांत त्याचे सुमारे ८०० वॅट-तास होतात. हजार वॅट-तास म्हणजे विजेच्या बिलातील एक युनिट, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दुसऱ्या दिवशी बारा तास ६ मीटरचा वारा वाहिला आणि बारा तास नुसता २ मीटरचा. या दिवसाची सरासरीसुद्धा ४ मीटरच येते. २ मीटरच्या वाऱ्यात चक्की चालतच नाही, असे धरले, तरी उरलेल्या बारा तासांत ११२ वॅटांप्रमाणे १,३४४ वॅट-तास वीज मिळते. सरासरी तीच, वीज मात्र दीडपटीहून अधिक! परीक्षेच्या गुणांची सरासरी काढावी तशी वाऱ्याची सरासरी काढून वीज सांगता येत नाही, ती यामुळे.

नातवाने हे नियम एकेक करून आपल्या पडद्यावरच्या चक्कीला लिहून दिले. वारा ३ मीटरपेक्षा कमी असेल, तर फिरू नकोस. त्यापुढे वेगाच्या घनाप्रमाणे वीज मोज. मग मी वादळाची आठवण करून दिली. ब्लाइथ यांच्या पहिल्या चक्कीत हाच दोष होता. फार जोराचा वारा आला, की तिला आवरता येत नसे. आजच्या लहान चक्क्यांची अशी सोय केलेली असते, की वारा मर्यादेबाहेर वाढला की तिचे तोंड शेपटीच्या बाजूला दुमडले जाते आणि ती वाऱ्याला कूस देऊन उभी राहते. तोही नियम लिहिला गेला.

आता मुख्य काम उरले होते. आमच्या नागापूरच्या गच्चीवर वारा किती असतो, ते मोजावयाचे. त्यासाठी आम्ही एक साधे यंत्र केले. लाकडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या खिळल्या, चार टोकांना चार प्लास्टिकच्या वाट्या एकाच दिशेला तोंड करून बसविल्या, आणि मध्ये जुन्या सायकलीच्या चाकाचा फिरता आस लावून ते काठीवर चढविले. एक वाटी लाल रंगविली, म्हणजे फेरे मोजावयास सोपे. वाटीच्या खोलगट बाजूवर वारा अधिक जोर करतो आणि फुगीर बाजूवरून घसरून जातो, म्हणून फुली फिरते. वाट्या वाऱ्याहून सावकाश फिरतात. वाऱ्याचा वेग त्यांच्या वेगाच्या साधारणतः अडीच ते तीन पट धरावा. आमच्या फुलीची त्रिज्या २० सेंटिमीटर होती. एका फेऱ्यात वाटी सुमारे १.२६ मीटर चालते. पहिल्या संध्याकाळी एका मिनिटात तीस फेरे झाले. वाटीचा वेग निघाला सेकंदाला ०.६३ मीटर, तिप्पट केले, तरी वारा दोन मीटरसुद्धा भरला नाही.

ज्यांच्याजवळ असे यंत्र नाही, त्यांनी झाडांकडे पाहावे. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या. पुढे त्यांत जमिनीवरील खुणाही घालण्यात आल्या. तोंडावर वारा जाणवतो आणि पाने सळसळतात, तेव्हा वारा सेकंदाला दीड ते सव्वातीन मीटर असतो. (पिंपळाची पाने याला अपवाद, ती उगाचच नाचतात. कडुनिंबाकडे पाहावे.) पाने व डहाळ्या सारख्या हलत असतील आणि हलके निशाण ताठ फडकत असेल, तर सुमारे साडेतीन ते साडेपाच. धूळ व कागद उडू लागले आणि लहान फांद्या हलल्या, तर साडेपाच ते आठ. त्यापुढे लहान झाडेच डोलू लागतात. घरगुती चक्कीला खरा उत्साह कागद उडू लागल्यावर येतो.

पंधरा दिवस आम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ फेरे मोजले आणि वहीत लिहून ठेवले. दुपारी वारा थोडा वाढे, रात्री पडे. बहुतेक नोंदी दोन-तीन मीटरच्याच होत्या. याचे कारण गच्चीवर उभे राहिले, की डोळ्यांना दिसत होते. एका बाजूला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या उंच छपऱ्या, मध्ये झाडे. नदीचे पाणी दगडांवरून जाताना जसे भोवरे करते, तसा वारा अशा अडथळ्यांवरून येताना गोंधळून जातो. त्याचा वेग कमी होतो आणि दिशा क्षणाक्षणाला बदलते. मग चक्कीचे शेपूट नुसते इकडून तिकडे हलत राहते. जाणकार सांगतात, की आसपासच्या शंभरेक मीटरांतील सर्वांत उंच झाडाहून अगर इमारतीहून पाती निदान नऊ-दहा मीटर वर असावीत. आमच्या घराला ते जमावयाचे, तर गच्चीवर आणखी एक तीन मजली मनोरा बांधावा लागला असता.

उंचीचे महत्त्व दुसऱ्या एका मुलालाही असेच कळले होते. आफ्रिकेतील मलावी या देशात विल्यम कामक्वाम्बा हा मुलगा राहत असे. २००१-०२ मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला. फी भरता येईना, म्हणून त्याची शाळा सुटली. तो गावच्या लहानशा ग्रंथालयात जाऊन बसू लागला. तेथे एका पुस्तकात त्याने पवनचक्कीचे चित्र पाहिले. इंग्रजी त्याला नीट येत नव्हते. आकृत्या पाहून त्याने अर्थ लावला. भंगारातून ट्रॅक्टरचा जुना पंखा, मोडक्या सायकलीचा सांगाडा व डायनामो मिळविला; प्लास्टिकचे नळ तापवून, चपटे करून पाती केली; निलगिरीच्या वाशांचा मनोरा उभारला. लोकांनी त्याला वेड्यात काढले. पण चक्की फिरली आणि दिवा लागला. पुढे त्याने मनोरा उंच करून सुमारे बारा मीटरांवर नेला, कारण झाडांच्या वरचा वारा त्याला हवा होता. त्याची वीज मोजकीच होती. परंतु ज्या घरात काळोख पडल्यावर निजण्यावाचून गत्यंतर नव्हते, तेथे त्या मुलाला रात्री वाचता येऊ लागले.

आमच्या घराची गरज किती? आम्ही तीही मांडली. नऊ वॅटांचे पाच दिवे पाच तास, पंचाहत्तर वॅटांचे दोन पंखे आठ तास, आणि साठ वॅटांचा दूरदर्शन संच चार तास. एकूण १,६६५ वॅट-तास. शीतकपाट यात धरलेले नाही. नातवाने गच्चीवरच्या वहीतील वारा पडद्यावरच्या चक्कीला दिला आणि खालच्या बंगलीत हेच दिवे-पंखे लावले. बॅटरी पूर्ण भरलेली होती, म्हणून पहिल्या रात्री काही झाले नाही. दुसऱ्या रात्री, आभासी घड्याळात अडीच वाजता, बंगलीतील सारे दिवे एकदम विझले. चक्की स्तब्ध उभी होती. नातू माझ्याकडे पाहू लागला आणि मग आम्ही दोघेही हसलो.

मग नगर जिल्ह्यात पवनचक्क्या आहेत, त्या कशा? प्रश्न रास्त आहे. भारतात १९८६ मध्ये गुजरात, तमिळनाडू व महाराष्ट्र यांच्या किनारी भागांत प्रत्येकी ५५ किलोवॅटची यंत्रे प्रथम उभी राहिली. पुढे ती पठारांवर आली. पुण्याहून नगरकडे येताना सुप्याजवळ कवड्याच्या डोंगरावर त्या दिसतात. नगरच्या पूर्वेस खांडके येथे माथ्यावर ६३ यंत्रे आहेत. प्रत्येक ८०० किलोवॅटचे, सर्व मिळून ५०.४ मेगावॅट. त्यांच्या पात्यांचा व्यास सुमारे ५३ मीटर आहे. आमच्या दोन मीटरांच्या मानाने तो साडेसव्वीस पट झाला. आणि क्षेत्रफळ वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वाऱ्याची वाट अडविणारे वर्तुळ सुमारे सातशेपट! शिवाय जागा डोंगरमाथ्याची, आणि मनोरा उंच. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सह्याद्रीवर आपले बहुतेक पाणी टाकून इकडे येतो. नगरला पाऊस थोडा. वारा मात्र आषाढात अंगावरचे उपरणे राहू देत नाही. वर्षातील फार मोठा वाटा या चक्क्या त्या चार महिन्यांतच मिळवितात. हिवाळ्यातील शांत रात्री त्यांतील कित्येक हात पसरून नुसत्या उभ्या दिसतात.

वडिलांपुढे जाताना नातवाने वहीच नेली. त्यांनी सर्व आकडे पाहिले आणि विचारले, "मग तुझे मत काय?" तो म्हणाला, "गच्चीवर सूर्याचीच तावदाने बसवावीत." हे उत्तर मला बरोबर वाटले. दोन-सव्वादोन चौरस मीटरांचे एक तावदान भर उन्हात चारशे वॅटांहून अधिक देते. त्यात फिरणारे काही नाही, तेल घालावयाचे नाही, आणि नगरला उन्हाची वाण नाही. मात्र पावसाळ्यात आभाळ भरून येते, तेव्हा तावदान मंद होते आणि नेमका त्याच वेळी वारा जोरात असतो. म्हणून उघड्या माळावरच्या एकाकी वस्तीला, जेथे विजेच्या तारा पोचल्या नाहीत, तेथे तावदान व लहान चक्की ही जोडी शोभते. एक थकले, की दुसरे हात देते.

आमच्या एका नातेवाइकांची अशीच एक वस्ती खांडक्याच्या बाजूला, उघड्या पठारावर आहे. सुटी संपून गावी जाताना नातवाने वाट्यांचे यंत्र बरोबर नेले नाही. ते पोत्यात गुंडाळून त्याने माझ्या खोलीच्या माळ्यावर ठेवले, वही त्यावर ठेवली आणि पहिल्या कोऱ्या पानावर लिहिले : 'आषाढ, पठारावरची वस्ती, सकाळ-दुपार-संध्याकाळ. फेरे आजोबा मोजतील.'